सगळ्यांचे गाणे

(लहान मुलांच्या संमेलनात कोणते समूहगीत बसवावे, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. मालवणच्या किनाऱ्यावर अनेक वर्षे बालवाडी चालवणाऱ्या लेखिकेने या पाठात त्या प्रश्नाचा विचार आपल्या अनुभवातून मांडला आहे.)

मालवणच्या किनाऱ्यावरील एका वाडीत मी तीस वर्षे बालवाडी चालवली. तीन ते सहा वर्षांची मुले, एक कौलारू खोली, समोर माडांची सावली आणि पलीकडे समुद्र, एवढाच आमचा संसार. जूनमध्ये बालवाडी सुरू व्हायची आणि जानेवारीत स्नेहसंमेलन असायचे. संमेलनात मुलांनी एक समूहगीत म्हणायचे, ही जुनी रीत. डिसेंबर लागला, की मुलांच्या आया विचारू लागत, "बाई, यंदा खयचा गाणा?"

तीन मिनिटांच्या गाण्यासाठी एवढा विचार कशाला, असे कोणाला वाटेल. मलाही काही जण तसे म्हणत. पण माझा अनुभव वेगळा आहे. चार वर्षांचे मूल आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसमोर उभे राहते, ते या गाण्यासाठी. आपला आवाज लोक ऐकतात, आपल्याला रांगेत जागा आहे, ही गोष्ट त्याला तिथे प्रथम कळते. जागा नाही, हेही त्याला तिथेच कळू शकते. म्हणून गाणे निवडणे हे काम मी कधी घाईने केले नाही.

समूहगीत म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायचे गाणे. त्यात पहिला प्रश्न असा, की गाणार कोण? हा प्रश्न विचित्र वाटेल. पण पुष्कळ संमेलनांत मुले गातच नाहीत. गाते यंत्र. पूर्वी कॅसेट असायची, आता मोबाईल आणि स्पीकर असतो. मोठ्या आवाजात गाणे लागते आणि मुले नुसते हातवारे करतात, ओठ हलवतात. एकदा मी शेजारच्या एका गावी संमेलन पाहायला गेले होते. गाणे ऐन रंगात आले आणि वीज गेली. गाणे थांबले, तशी मुलेही थांबली. वर केलेले हात तसेच वर राहिले. दोन महिने त्या मुलांनी सराव केला होता. पण गाण्याचे शब्द एकालाही येत नव्हते. शब्द येण्याची कधी गरजच पडली नव्हती. त्या मुलांचा यात काय दोष? त्यांना कोणी गायला सांगितलेच नव्हते.

आमच्या बालवाडीत त्यामुळे एक नियम होता. वीज गेली तरी म्हणता येईल, तेच गाणे निवडायचे. सोबतीला एक पेटी आणि मुलांच्या टाळ्या, एवढे पुरे.

दुसरा प्रश्न आवाजाचा. वाडीतले एक गृहस्थ दशावतारी नाटकात पेटी वाजवत. दशावतार हे आमच्या सिंधुदुर्गातले लोकनाट्य. जत्रेच्या रात्री देवळासमोर ते सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने नट गातात, आणि संवाद तर आयत्या वेळी रचून बोलतात. अशा नाटकाला पेटीची साथ देणाऱ्या माणसाचा कान तयार असतो. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. मोठी माणसे आपल्या सोयीच्या खालच्या पट्टीत गाणे सुरू करतात. लहान मुलांचा आवाज तेवढा खाली उतरत नाही. मग मुले गात नाहीत, नुसती बोलतात. याउलट फार वर गेले, की ती ओरडतात. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी दोन हा 'सा' धरला, तर 'सा'पासून 'प'पर्यंतचे पाच स्वर हे मुलांचे अंगण. त्या अंगणात ती सुखाने खेळतात. ज्या गाण्याची चाल या अंगणाबाहेर फार जाते, ते गाणे ऐकायला कितीही गोड असले, तरी चार वर्षांच्या मुलासाठी नव्हे.

तेव्हापासून गाणे निवडताना मी ते आधी स्वतः म्हणून पाहत असे. दोन कडवी असावीत, तिसरे नको. ध्रुवपद पुन्हा पुन्हा यावे, म्हणजे एखादी ओळ विसरलेले मूल ध्रुवपदाला परत सामील होते. ताल सरळ असावा. ओळी लहान असाव्यात, कारण लहान मुलांचा श्वासही लहान असतो. मुलांना "मोठ्याने म्हणा" असे मी सांगत नसे. तसे सांगितले, की ती किंचाळतात आणि गळा धरतो. "शेजारच्याचा आवाज ऐकू येईल असे म्हणा" असे सांगितले, की सगळ्यांचे आवाज आपोआप एकमेकांत मिसळतात.

तिसरा प्रश्न शब्दांचा. मुलांना गाण्यातले शब्द कळले पाहिजेत. हा विचार जुना आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८४० साली आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे 'मुलांची बाग', हे नाव दिले. त्याने १८४४ साली आईने मुलासोबत म्हणायच्या गाण्यांचे एक पुस्तक काढले. त्यात गाण्याबरोबर चित्रे होती आणि बोटांचे खेळही होते. घरात आणि घराभोवती मूल रोज जे पाहते, तेच त्याने गाण्यात आणले.

आपल्याकडे हा विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी रुजवला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथली आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, असे ताराबाईंनी ठरवले. त्यातूनच 'अंगणवाडी' आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर गेली, ती 'कुरणशाळा'. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. शाळेने मुलाच्या अंगणात जायचे, तर गाण्यानेही तिथे जायला नको का?

आमच्या मुलांचे अंगण म्हणजे वाळू. त्यांना बांगडा, पेडवे, सुरमई ठाऊक. कुर्ल्या कशा तिरक्या पळतात, हे ती नक्कल करून दाखवतात. माड, फणस, काजू, रातांबे त्यांच्या ओळखीचे. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले. तो किल्ला ती रोज पाहतात. बर्फात खेळणाऱ्या मुलांचे गाणे त्यांना पाठ होते, पण त्यांच्या डोळ्यांत काही दिसत नाही. लाटेचे गाणे मात्र ती पाठ होण्याआधीच खेळू लागतात.

म्हणून एका वर्षी आम्ही घरचेच गाणे केले. मुलांना वाळूत रेघा काढताना पाहून मी चार ओळी जुळवल्या :

लाट आली, लाट गेली,
माझी रेघ पुसून नेली.
पुन्हा काढीन, पुन्हा ये,
पुसायला थोडा वेळ घे.

यात काव्य फार नाही. पण पहिल्या ओळीला सगळी मुले पुढे धावत आणि मागे येत. दुसऱ्या ओळीला तळहाताने रेघ पुसत. चौथ्या ओळीला बोट दाखवून लाटेला बजावत. शिकवायला दोन दिवस लागले. एका मुलाची आई सांगत होती, "म्हयनोभर झालो, झील घरात एकच गाणा म्हणता."

शब्दांची एक गंमत सांगते. ती तुम्हां उर्दू शिकणाऱ्या मुलांना लगेच कळेल. आमच्या बालवाडीत काही मुसलमान घरांतली मुले होती. काहींच्या घरी कोकणी बोली, तर काहींच्या घरी उर्दू. एका गाण्यात होडी बंदरात येते, असे वर्णन होते. 'बंदर' हा शब्द आला, की एक मुलगी गाल फुगवून माकडाचे तोंड करी आणि अंग खाजवी. बाकीची मुले हसत. दोन दिवस मला उलगडा होईना. मग ध्यानात आले, की तिच्या घरी बंदर म्हणजे माकड! होडी माकडाकडे का जाते, हे तिला कळत नव्हते. पण बाई म्हणतात, तर जात असेल, असे तिने मानले होते. उर्दूत जहाजे लागतात त्या जागेला 'बंदरगाह' म्हणतात. मराठीत त्या जागेला नुसते 'बंदर' म्हणतात. 'दर्या'चेही तसेच. उर्दूत 'दरिया' म्हणजे बहुधा नदी, मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. फारसीतही त्याचा अर्थ समुद्रच आहे. मी त्या मुलीला हाताशी धरून बाहेर नेले आणि होड्या दाखवल्या. "हे आपले बंदर," असे म्हणाले. ती म्हणाली, "और वो बंदर?" "तो झाडावर," मी सांगितले. त्या दिवसापासून तिला एका शब्दाचे दोन अर्थ ठाऊक झाले. वर्गातल्या बाकीच्या मुलांनाही झाले.

चांगली गाणी शोधायला आम्हांला फार दूर जावे लागले नाही. मराठीत मुलांसाठी उत्तम कविता लिहिणारे दोन मोठे कवी आमच्याच जिल्ह्यात जन्मले. विंदा करंदीकर १९१८ साली देवगड तालुक्यातल्या धालवली गावी, आणि मंगेश पाडगावकर १९२९ साली वेंगुर्ल्याला. विंदांना २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. एवढ्या मोठ्या कवीने मुलांसाठी कवितांची अनेक पुस्तके लिहिली, याचे मला फार अप्रूप वाटते. उर्दूतही असेच झाले आहे. इस्माईल मेरठी यांनी गाय, पाणचक्की अशा साध्या विषयांवर मुलांसाठी कविता लिहिल्या. इक्बाल यांची 'बच्चे की दुआ' १९०२ सालची आहे. ती अजून शाळाशाळांतून म्हटली जाते. मोठ्या कवीला लहान मुलांसाठी लिहिणे कमीपणाचे वाटत नाही, हेच यावरून दिसते.

मात्र प्रत्येक चांगली कविता समूहगीत होत नाही. काही कविता वाचून दाखवायच्या असतात. त्यांतला विनोद शांतपणे ऐकल्यावर कळतो. त्या कविता मी दुपारी गोष्टीच्या तासाला वाचत असे आणि संमेलनासाठी दुसरे गाणे घेत असे. सिनेमातले गाणे म्हणून ते वाईट, असेही मी मानले नाही. 'नाच रे मोरा' हे गाणे १९५३ सालच्या 'देवबाप्पा' चित्रपटातले आहे. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचे आणि आवाज आशा भोसले यांचा. ते मुलांसाठीच लिहिलेले आहे, म्हणून मुलांना शोभते. गाणे कुठून आले, यापेक्षा ते मुलाच्या तोंडी शोभते का, हे पाहावे. मोठ्यांच्या प्रेमाचे गाणे चार वर्षांच्या मुलीने लचकत म्हटले, की लोक टाळ्या वाजवतात. पण ती मुलगी कशासाठी टाळ्या घेते आहे, हे तिला कळत नाही.

आता चौथा प्रश्न. माझ्या मते तो सर्वांत मोठा. गाणे सगळ्यांचे आहे का?

एका वर्षी वाडीतले काही पालक माझ्याकडे आले. त्यांनी एक नाच ठरवला होता. आठ मुले, चमकदार कपडे, मोठा स्पीकर. कपड्यांचा खर्च ज्याचा त्याने करायचा. त्यांचा हेतू चांगलाच होता. आपल्या वाडीचे नाव व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पण बालवाडीत मुले होती सव्वीस. मी विचारले, "बाकीची अठरा मुले काय करणार?" एकजण म्हणाला, "ती बघतील. सगळ्यांनाच थोडे जमते?"

ती अठरा मुले कोणती असणार, हे मला न सांगता कळत होते. ज्यांच्या घरी त्या हंगामात मासळी कमी आली, ती. ज्यांची आई सकाळी मासळीची पाटी घेऊन बाजारात जाते, ती. जे मूल अजून बोलत नाही, ते. ज्याचा पाय थोडा लंगडतो, ते. आधीच्या वर्षी एका मुलीच्या आईने कपडे घ्यायला पैसे नाहीत, म्हणून संमेलनाच्या दिवशी मुलीला घरी ठेवले होते आणि "ताप आला" असे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात सगळे गाणे न चुकता म्हणत होती. ते मी विसरू शकत नव्हते.

सभेत बराच वेळ बोलणे झाले. मी माझे म्हणणे मांडले, त्यांनी त्यांचे मांडले. शेवटी कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध कोळी बोलले. त्यांचे सगळे आयुष्य रापणीवर गेले होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडी अर्धवर्तुळ घेत समुद्रात जाळे सोडत जाते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. दोन्हीकडे माणसे ओळीने उभी राहतात आणि एका तालात दोर ओढतात. एकाने जास्त जोर लावून चालत नाही आणि दुसऱ्याने कमी लावून चालत नाही. आलेली मासळी वाटून घेतात. ते आजोबा म्हणाले, "रापण आठ जणांनी येना नाय, बाई. दोरार सगळ्यांचो हात व्हयो."

एवढे बोलून ते गप्प बसले. पण किनाऱ्यावरच्या माणसांना रापण समजावून सांगावी लागत नाही. त्या वर्षी सव्वीस मुलांनी गाणे म्हटले. कपडे घरचेच, फक्त धुतलेले. प्रत्येकाच्या डोक्याला माडाच्या झावळीची पट्टी, ती मुलांनी आणि आयांनी मिळून विणली. खर्च काही नाही. लंगडणारा मुलगा मधोमध बसून झांज वाजवत होता, कारण त्याचा ताल सर्वांत पक्का होता. ज्या पालकांनी नाच सुचवला होता, त्यांनीच मंडप घातला.

सगळ्यांचे गाणे निवडताना आणखी एक गोष्ट मी पाहत असे. वर्गात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्व घरांतली मुले होती. प्रत्येकाच्या घरी प्रार्थना वेगळी. ती ज्याच्या त्याच्या घरी सुंदर. संमेलनाच्या गाण्यात मात्र मी पाऊस, समुद्र, होडी, पक्षी, झाडे, आई हेच विषय घेत असे. पाऊस सगळ्यांच्याच कौलांवर पडतो. कोणत्याही आईला आपल्या मुलाला रांगेतून बाजूला घ्यावेसे वाटू नये, एवढीच माझी काळजी.

ज्या वर्षी सव्वीस मुलांनी गाणे म्हटले, त्याच वर्षी एक मुलगा बालवाडीत नवा आला होता. घरी उर्दू बोलत. जूनपासून डिसेंबरपर्यंत तो वर्गात एक शब्द बोलला नाही. खाऊ घेई, चित्रे काढी, हसेही. पण बोलत नसे. गाण्याच्या सरावात तो शेवटच्या रांगेत उभा राही आणि सगळे हातवारे अचूक करी. तोंड मात्र मिटलेले. मदतनीस बाई म्हणाल्या, "याला बसवू या का? गात तर नाही." मी म्हटले, "राहू द्या. त्याचे हात गातात."

संमेलनाच्या दिवशीही तो गायला नाही. लाट आली, तेव्हा पुढे धावला. लाट गेली, तेव्हा मागे आला. रेघ पुसली, लाटेला बोट दाखवले. त्याच्या आईने समोरून ते पाहिले. पंधरा दिवसांनी ती मला बाजारात भेटली. म्हणाली, "बाई, घरी धाकट्या बहिणीला झोळीत घालून तो तुमचे गाणे म्हणतो. सगळे. एकही शब्द सोडत नाही. तो असा मराठी बोलतो, हे आम्हांलाच माहीत नव्हते." मी काही विचारले नाही. बोलायला त्याला आणखी थोडे दिवस हवे होते, ते त्याने घेतले. फेब्रुवारीत एके सकाळी तो वर्गात येऊन मला म्हणाला, "बाई, पाणी."

त्याला जर गात नाही म्हणून रांगेतून काढले असते, तर ते गाणे त्याच्या घरी गेलेच नसते. मूल रांगेत उभे असताना काय साठवत असते, हे वरून दिसत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांचे धाकटे भाऊ-बहीण बालवाडीत किंवा अंगणवाडीत असतील. त्यांच्या संमेलनात मदत करायला तुम्हांला बोलावतील. तेव्हा गाणे निवडताना एवढे पाहा. वीज गेली तर मुले ते म्हणू शकतील का? त्यांच्या गळ्याला ते झेपेल का? त्यातले शब्द त्यांच्या अंगणातले आहेत का? आणि या गाण्यामुळे कोणी बाहेर तर बसणार नाही ना? चारही प्रश्नांची उत्तरे चांगली आली, तर मुले थोडी बेसूर झाली तरी काही बिघडत नाही. मुलांचे सूर वयाबरोबर जुळत जातात. वगळलेल्या मुलाला मात्र परत रांगेत आणणे फार अवघड असते.

स्वाध्याय

१. वीज गेल्यावर मुलांचे गाणे का थांबले?
२. लहान मुलांच्या गाण्यात कोणकोणत्या गोष्टी असाव्यात, असे लेखिका सांगते?
३. 'बंदर' आणि 'दर्या' या शब्दांचे मराठीतील व उर्दूतील अर्थ लिहा. असे आणखी दोन शब्द शोधा.
४. 'दोरार सगळ्यांचो हात व्हयो' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या वस्तूवर लहान मुलांसाठी चार ओळी लिहा.